ते यंत्र मेलेल्यांसाठी नव्हतं, यादोभाऊ

भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातलं ते यंत्र मेलेल्या माणसाला उठवतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? कुठे वाचलंत, कोणाच्या तोंडून ऐकलंत? आणि ऐकल्यावर एकदाही तुमच्या मनात कसं आलं नाही, की असं यंत्र खरंच असतं तर माणसं अजून मरतात कशी?

हा प्रश्न वाचणाऱ्यांना आहे, यादोभाऊ. बोलायचं मला तुझ्याशी आहे. तुझी तेरवी अजून व्हायची आहे आणि काल तुझा धाकटा भाऊ मधू तुमच्या गावच्या, आंधळगावच्या, काही माणसांना घेऊन आमच्या घरी येऊन गेला. त्यांना पत्रक हवं आहे. ज्या तरुण डॉक्टरने तुला ते यंत्र लावलं नाही त्याला घालवा, म्हणून मोर्चा निघणार आहे. मधूचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, "भाऊचे सारे पत्रकं तूच लिवत होती न. मंग हे बी तूच लिव."

खरं आहे. बाबांच्या छापखान्यात मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरूनच. अन्याय झाला असं कोणी सांगितलं की माझा हात कागदाकडे जातो. कालही गेला. "हत्यारा" हा शब्द लिहिला आणि तुझा लाल पेन आठवला. तू तो शब्द खोडला असतास आणि विचारलं असतंस, "कोणाले म्हणून राहिली हे? कशावरून?" म्हणून ते पत्रक बाजूला ठेवून हे लिहायला घेतलं आहे.

त्या यंत्राचं नाव आपल्याला पहिल्यांदा कुठे भेटलं, आठवतं? लाखनीला तू शाळेत विज्ञान शिकवायचास. हायवेवरच्या चहाच्या दुकानात एक ट्रक ड्रायव्हर कप हातात घेऊन बसल्या जागी कलंडला. आपण दोघं समोरच होतो. त्याच्याच ट्रकमध्ये घालून त्याच्या सोबत्याने त्याला भंडाऱ्याला नेलं, आपण मागे फाळक्याला धरून उभे. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि चादर ओढली. नागपूरला अशा वेळी लावायचं एक यंत्र आहे, इथे नाही, एवढं ते म्हणाले. तू नाव विचारलंस. परतताना एसटीत तू तो शब्द ओठांत घोळवत होतास: डिफिब्रिलेटर. तो ड्रायव्हर पंजाबचा की राजस्थानचा, हेही आपल्याला कळलं नव्हतं. तू एवढंच म्हणालास, "इंदू, हे मशीन जिल्ह्याले भेटलं पाहिजे."

मागणीचं पत्रक मी लिहायला घेतलं आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, जो शब्द आंधळगावच्या बाजारात कोणाला म्हणता येत नाही, त्याच्यासाठी आंधळगावचा माणूस रस्त्यावर कसा येईल? मी मराठी नावं काढली. हृदयसंजीवक. प्राणदाता. तू एकेकावर काट मारत गेलास. म्हणालास, यात जीव देण्याचा अर्थ येतो, आणि ते मशीन जीव देत नाही.

मी चिडले. जीव देत नाही तर मग मागायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावून नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलंस. पोरांना सांगितलंस, सगळ्यांनी एका तालात टाळी वाजवा. वर्ग एकाच माणसाने वाजवल्यासारखा वाजू लागला. मग म्हणालास, आता ज्याला जशी वाटेल तशी वाजवा. नुसता कडकडाट. सगळे हात हलत होते, ताल मात्र कुठेच नव्हता.

"हृदय असं झालं की रक्त पुढे जात नाही," तू सांगितलंस. "हृदय तेव्हा थांबलेलं नसते. त्याचा तंतू न् तंतू आपापल्या मनानं थरथरून राहिला असते. त्या थरथरीले म्हणतात फिब्रिलेशन. अन् ती काढून टाकणारं, थे डिफिब्रिलेटर."

आणि डस्टर टेबलावर आपटलंस. वर्ग एकदम गप्प. तू विचारलंस, या आवाजाने टाळी वाजली का? पोरं म्हणाली, नाही सर. यानं काय झालं? सगळे चूप झाले, सर. मग पहिल्या बाकावरच्या मुलीला तू खूण केलीस. तिने हळू टाळी धरली, शेजारच्यांनी तिच्यात मिळवली आणि वर्ग पुन्हा एका तालात आला. विजेचा झटका फक्त गोंधळ गप्प करतो, ताल हृदयाचा स्वतःचा असतो, हे त्या दिवशी नववीच्या पोरांना कळलं. मलाही कळलं.

मग तू पोरांना खेळायला सोडलंस. वर्ग रिकामा झाला. तू माझ्याकडे बघत डस्टर पुन्हा आपटलंस, पुन्हा आपटलंस. खडूची धूळ उडाली. "आता आपट कितीही," तू म्हणालास. "कोण वाजवन टाळी?"

मी हट्टी. म्हटलं, भाऊ, हे सगळं पत्रकात मावत नाही.

"मंग पत्रक मोठं कर."

शेवटी "हृदयाची जीवघेणी थरथर थांबवणारं यंत्र जिल्ह्याला द्या" असं छापलं. मला ते मिळमिळीत वाटलं आणि आजही वाटतं. रस्त्यावर ओरडता येत नाही तो शब्द सरकारच्या कानात शिरत नाही, हे माझं म्हणणं मी तू गेलास म्हणून मागे घेणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. पण माझी नजर यंत्र येईपर्यंतच पोचत होती. ते आल्यावर लोक त्याला काय समजतील, याची धास्ती तुला आधीपासून होती.

ते आलं. निवेदनं, धरणं, कलेक्टर कचेरीपुढचे उन्हाचे दिवस, आणि एकदाचं आलं. उद्घाटनाला त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, पुढे नारळ फोडला. पाहुणे माइकवर म्हणाले की आता या जिल्ह्यात हृदयाच्या दुखण्याने कोणी मरणार नाही, मरण आलं तरी ते परत पाठवू. टाळ्या पडल्या. तू तिसऱ्या ओळीतून उभा राहिलास आणि साहेब, असं नाही, म्हणून सुरुवात केलीस. तुझ्याकडे माइक नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, बसा न जी, तुमचा तास नाही हा." सगळा मांडव हसला. तूही हसलास, पण बसला नाहीस. फिब्रिलेशन म्हणजे काय, ते पूर्ण सांगून झाल्यावरच बसलास. ऐकलं किती जणांनी, कोण जाणे. पेपरात दुसऱ्या दिवशी आलं, "जिल्ह्यात संजीवनी."

तो शब्द राहिला, तुझा राहिला नाही. मग लोक दूरदूरच्या खेड्यांतून बैलगाडीत, जीपमध्ये आपली थंड पडलेली माणसं घेऊन दवाखान्यात यायला लागले. हातपाय ताठ झालेले आणि बायका हात जोडून म्हणतात, संजीवनी लावा. डॉक्टर नाही म्हणाले की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार. एका बाईने माझ्यासमोर आपलं गेलेलं पोर त्या यंत्राच्या टेबलाखाली ठेवलं होतं. तू तिला उठवलंस आणि गाडीपर्यंत नेलंस.

त्यानंतर तू पोतं भरलंस. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ठासून भरलेलं पोतं, त्याला तुझा जुना सदरा. सुटीच्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला ते माणूसभर पोतं बांधून गावोगाव जायचास. लोक म्हणायचे, मास्तर मुडदा घेऊन फिरून राहिले. तू सांगायचास की यंत्र भंडाऱ्याला आहे आणि माणूस पडतो धानाच्या बांधीत, नदीवर, घरात. रस्ता खराब. तोपर्यंत कोणीतरी छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं तरच यंत्राच्या हाती काही लागेल, नाहीतर पोचेपर्यंत थरथरही विझून जाते. मग पोतं जमिनीवर टाकून दाखवायचास: तळहाताची टाच छातीच्या मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ.

आणि तेव्हा तू एक गोष्ट सांगायचास, जिच्यावरून आपलं दुसरं मोठं भांडण झालं. आपल्याकडे माणूस जातो असं दिसलं की त्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेतात. तोंडात तुळशीचं पाणी घालतात आणि भोवती बसतात. मी म्हणायचे, ही रीतच मोडली पाहिजे, ही माणसाला जिवंतपणी प्रेत करते. तू म्हणायचास, मोडायची कशाला?

"खाटेवर छाती दाबली तं खाट दबते, छाती नाही. कडक जमीनच लागते. आपले लोक अर्धं काम बराबर करतात, इंदू. पण जमिनीवर घेतलं म्हणजे संपलं, असं समजतात. मले त्यायले एवढंच सांगाचं हाय, जमिनीवर घेतलं म्हणजे आता सुरू."

मी तुला तडजोडवादी म्हटलं. तू म्हणालास, म्हण.

गोसीखुर्दकडच्या एका गावात तर तुझं तोंडच बंद झालं होतं. तिथे धरणाची मोजणी सुरू होती. तू पोतं खाली ठेवलंस आणि पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "गाव बुडवून राहिले मास्तर, अन् तुमी छाती दाबाले शिकवून राहिले. गावाची छाती कोण दाबन?" तू पोतं भिंतीला उभं केलंस आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं ऐकत बसलास. कोणाची किती जमीन जाणार, देवीचं ठाणं कुठे हलवणार, नव्या गावठाणात पाणी आहे का. छातीचं नावही काढलं नाहीस. निघताना त्याच म्हाताऱ्याच्या बायकोने हाक मारली. थे पोतं इकडे आणा, म्हणाली, पाहू द्या कसं दाबतात ते. तिने पदर खोचला आणि असं दाबलं की सदऱ्याच्या गुंड्या तुटल्या. परतताना तू सायकलवरून शीळ घालत होतास. त्या दिवशी मला तुझा जितका अभिमान वाटला तितका मी कधी बोलून दाखवला नाही. तू माझ्याशी कायम बरोबरीने भांडलास. मी लहान आहे, मुलगी आहे, असं एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही. हेही सांगायचं राहिलं.

आता त्या दिवसाचं सांगते. तुला ते माहीत नाही.

धानाची रोवणी आटोपली होती. तू आणि वहिनी आंधळगावला घरी गेला होतात. जेवून तू पडवीत खाटेवर टेकलास. मधू आत मागावर विणत बसला होता. तू उठायला गेलास, छातीला हात लावलास आणि आडवा झालास. वहिनीची हाक ऐकून सगळे धावले. तुला खाटेवरून खाली घेतलं. अर्धं काम बरोबर झालं, भाऊ.

वहिनी गुडघे टेकून तुझ्याजवळ बसली. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवली, त्यावर दुसरा हात. तुझ्या पोत्यावर लाखनीच्या घरी किती वेळा केलेलं. आणि तुझ्या मोठीआईने, आईमागे जिने तुला वाढवलं त्या थोरल्या काकूने, तिचं मनगट धरलं.

"काय करून राहिली वो? जात्या माणसाच्या उरावर बसतं का?"

शेजारच्या बायांनी वहिनीला मागे ओढलं. कोणी तुझ्या तोंडात तुळशीचं पाणी घातलं. मधू जीप आणायला पळाला होता. जीप आली तोवर बराच वेळ गेला होता. मोहाडीहून पुढचा रस्ता तुला ठाऊक आहे. वहिनीच्या मांडीवर तुझं डोकं होतं आणि दाटीत बसलेल्या कोणीच तुझ्या छातीला हात लावला नाही.

निरोप मिळताच मी दवाखान्यात पोचले, तेव्हा तो डॉक्टर तुला तारा जोडत होता. परगावचा पोरगा, पहिलीच नेमणूक. पडद्यावर हिरवी रेघ आली. सरळ. त्याने तुझ्या पाठीखाली फळी सरकवली आणि छाती दाबायला लागला. सिस्टर सुई देत होती. त्याच्या कपाळावरचा घाम तुझ्या सदऱ्यावर पडत होता. यंत्र तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. मधूने बोट दाखवलं आणि ते लावा म्हणाला.

डॉक्टर न थांबता म्हणाला, "ते थरथरणाऱ्या हृदयासाठी असतं. ही रेघ सरळ आहे. यांना त्याचा उपयोग नाही."

"मेल्यावरच लावतात न थे!" मधूने त्याची कॉलर धरली. मागून माणसं आत घुसली. कोणीतरी यंत्राला हात घातला, कोणी डॉक्टरला शिवी दिली. आणि भाऊ, कॉलर मधूच्या मुठीत असताना त्या पोराचे हात तुझ्या छातीवरून हलले नाहीत. तो दाबत राहिला. मी मधूला मिठी मारून मागे ओढलं. त्यानंतरही तो दाबत राहिला, त्याचे दंड थरथरायला लागेपर्यंत. मग त्याने सिस्टरकडे पाहिलं आणि हात काढले.

त्याला मी नंतर व्हरांड्यात गाठलं. विचारलं, घरी पडला तेव्हा हृदय थरथरत असेल का? तो म्हणाला, असेल, पुष्कळदा सुरुवात तशीच होते. तेव्हापासून कोणी दाबत राहिलं असतं तर? तो म्हणाला की नक्की सांगता येणार नाही, आणि मी नक्की सांगितलं तर ते खोटं असेल. तुझ्यासारखाच बोलतो तो.

वहिनीजवळ जाऊन बसले. पहिले काही दिवस ती नुसती भिंतीकडे बघायची. मग एकदा तिने तळहात उलटेसुलटे करून पाहिले.

"इंदूबाई, माहे हात उठले होते," ती म्हणाली. "मले सारं याद होतं. कोपर वाकवाचा नाही, थे बी याद होतं. मोठीआईनं हात धरला अन् मनात आलं, लोक म्हणन, बाईनंच नवऱ्याले दाबून मारलं."

मी मोठीआईबद्दल काहीतरी वाकडं बोलले. तिने मला थांबवलं. म्हणाली, म्हातारी जेवत नाही, भिंतीला डोकं टेकून बसते, तिला काही बोलू नको, तिला कोणी शिकवलं होतं?

तिला कोणी शिकवलं नव्हतं. हे मी तुलाच विचारते आहे, यादोभाऊ. साऱ्या जिल्ह्यात पोतं फिरवलंस, आंधळगावच्या अंगणात का नाही टाकलंस? मला ठाऊक आहे का ते. एकदा तू ते घरी नेलं होतंस. जित्या माणसाचा सदरा तणसाच्या मुडद्याला घातलेला पाहून मोठीआई संतापली. माझ्या दारात हे अशुभ नको, म्हणाली. तू पोतं उचललंस, पुन्हा सायकलला बांधलंस आणि मला म्हणालास, राहू दे, म्हातारी हाय. माझ्याशी एका शब्दासाठी महिनाभर भांडणारा तू, तिच्याशी एक दुपार भांडला नाहीस. ज्या घरात तुझा जीव होता, तेवढंच घर तू सोडलंस. तुझा मला राग येतो. रडू आवरतं तेव्हा रागच येतो.

आज सकाळी मी मधूला सांगितलं, मी ते पत्रक लिहिणार नाही. का ते सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. मग उठला आणि म्हणाला, लिहिणारे दुसरेही आहेत. मी त्याला दोष देत नाही. वहिनीच्या हातांविषयी ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. दुसऱ्या कोणाचा तरी अपराध असला पाहिजे, नाहीतर त्याला त्या पडवीत पुन्हा पाऊल टाकता येणार नाही.

पण मोर्चा निघेल. डॉक्टर सामान बांधतो आहे असं कळलं. ते यंत्र नीट चालवता येतं असा आज दवाखान्यात तो एकटाच आहे. तो गेला की यंत्र कपाटात जाईल, दसऱ्याला त्याला हार घातला जाईल, आणि ज्याचं हृदय खरोखर थरथरत असेल असा माणूस वेळेत पोचला, तरी त्याच्यासमोर हार घातलेलं एक कपाट असेल.

वहिनी मला एवढंच म्हणाली: "डाक्टरच्या नावानं लिवशील तं माह्या दारात येऊ नको."

मी त्याच्या नावाने लिहीत नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्हालाच लिहिते आहे. मोर्चाला जा. जरूर जा, मीही येणार आहे. पण दवाखान्याच्या दाराशी पोचल्यावर त्या डॉक्टरला जाऊ नका म्हणून सांगा, आणि यंत्र चालवायला आणखी माणसं शिकवा, ही मागणी करा. ही ओरडता येते. मी ओरडून पाहिली आहे.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आंधळगावला यादोभाऊंच्या अंगणात वहिनी तणसाचं पोतं घेऊन बसणार आहे. बायांनी या, पुरुषांनी या, म्हाताऱ्यांना धरून आणा. मोठीआईला विचारलं आहे. ती हो म्हणालेली नाही, पण नाहीही म्हणालेली नाही.

येणं जमलं नाही तर एवढं करा. उद्या तुमच्या घरात कोणी पडेल. तुम्ही त्याला खाली घ्याल. तेव्हा कोणीतरी, सून असेल, पोरगी असेल, गुडघे टेकून पुढे येईल आणि त्याच्या छातीवर हात ठेवेल. तिचा हात धरू नका. गाडी आणायला पळा, तोंडात पाणी घालणाऱ्याला थांबवा, गर्दी बाजूला करा. आणि ती थकली, तर तिच्या जागी तुम्ही बसा.